रजोनिवृत्तीच्या काळातील अस्वस्थता आणि रात्रीचा योगाभ्यास

सलग 12 महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. मात्र त्याआधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी वरखाली होत असल्यामुळे चिडचिड, धडधड आणि मध्यरात्री घामाघूम होऊन जाग येणे हे त्रास अधिक जाणवतात. अशा वेळी अवघड आसनांपेक्षा श्वास संथ करणे अधिक उपयोगी पडते.

झोपण्यापूर्वी भिंतीलगत उताणे पडून पाय भिंतीवर सरळ टेकवावेत, कमरेखाली घडी केलेली चादर ठेवावी, आणि चार अंक मोजत श्वास घेऊन सहा अंक मोजत तो सोडावा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती हळूहळू मंदावते. पाच ते दहा मिनिटे पुरेशी आहेत. पायांना मुंग्या आल्यास गुडघे वाकवून कुशीवर वळावे, झटक्याने उठू नये. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास ही स्थिती टाळून शवासनातच हा श्वसनक्रम करावा.

अंगात उष्णतेची लाट उसळत असताना भस्त्रिका किंवा कपालभाती यांसारखे जोरकस श्वसनप्रकार करू नयेत. त्याऐवजी शीतली, म्हणजे जीभ नळीसारखी गुंडाळून तोंडाने श्वास आत घेण्याचा आणि नाकाने सोडण्याचा प्राणायाम, करून पाहावी. हाडे ठिसूळ झाली असल्यास पश्चिमोत्तानासनासारखे खोल पुढे वाकणे वर्ज्यच समजावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर केवळ योगावर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे.