विणीच्या हंगामात सरड्याचा ताण कसा मोजावा

सरडा धरला की त्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं हार्मोन चढू लागतं. आपल्याला हवी असते त्याआधीची पातळी. म्हणून सुई, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेली नळी, वही सगळं आधीच मांडून ठेवा. स्टॉपवॉच सरडा हातात आल्यावर नव्हे, तुमच्या चाहुलीने तो दचकला त्या क्षणी सुरू करा. 3 मिनिटांत रक्त निघालं तर ती मूळ पातळी. 5 मिनिटांच्या नमुन्याला ‘जवळजवळ मूळ’ म्हणणारे मला भेटतात; त्यांचे आकडे मी वापरत नाही.

रक्त शेपटीच्या खालच्या शिरेतून घ्या. शेपूट टाकणारी जात असेल तर हात हलका ठेवा. वजनाच्या 1 टक्क्याहून जास्त रक्त काढायचं नाही. 20 ग्रॅमच्या सरड्यात ही मर्यादा 0.2 मिलीलिटर. मग त्याला कापडी पिशवीत घालून सावलीत ठेवा आणि 30 मिनिटांनी दुसरा नमुना घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे ताणाला दिलेला प्रतिसाद.

आता खरी गोम. ताण लांबला की मेंदूकडून जननग्रंथींना जाणारे इशारे मंदावतात, टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन उतरतं, अंड्यांत पीतक (पिवळा बलक) भरणं रखडतं. पण विणीच्या काळात कित्येक जातींची मूळ पातळीच वर असते, कारण हद्द राखायला आणि अंडी भरायला साठवलेली चरबी वापरावी लागते. तेव्हा मोठा आकडा दिसला म्हणून प्राणी हैराण आहे असं ठरवू नका. उलटंही घडतं: अंडी घालायला किनाऱ्यावर आलेली हिरवी समुद्री कासवीण पाठीवर उताणी पाडली तरी तिचं कॉर्टिकोस्टेरॉन फारसं चढत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबातले लाल पट्ट्यांचे गार्टर साप शीतनिद्रेतून उठून उपाशीपोटीच मादीमागे लागतात. धरून ठेवल्याने हार्मोन चढलं तरी त्यांचा प्रणय थांबत नाही.

म्हणून आकड्याशेजारी अवस्था लिहाच. मादीचं पोट हळूच चाचपून बघा: पुटिका (अंडाशयात तयार होणारी अंडी) वाढताहेत, अंडी कवचात आहेत, की नुकतीच घातलीत? घड्याळातली वेळ आणि शरीराचं तापमानही टिपा, थंड प्राण्याचा प्रतिसाद वेगळा येतो. त्याच नमुन्याच्या प्लाझ्मातून (रक्तपेशी वगळून उरलेला द्रव) टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्राडायॉल हे मादीचं हार्मोन मोजा, नाहीतर प्रजननाबद्दल बोलायला हाती काहीच उरत नाही.

पोटात पिल्लं असलेल्या मादीचा दुसरा नमुना मी घेतच नाही. आईचं वाढलेलं कॉर्टिकोस्टेरॉन पिल्लांपर्यंत पोहोचतं. तिला लगेच, जिथे धरली तिथेच सोडा. परवाना खिशात असू द्या. प्लाझ्मा त्याच दिवशी वेगळा करून उणे 20 अंशांवर गोठवा.