शफल अ‍ॅलीच्या पिना उचलत नसतील तर

शिकागोच्या युनायटेड कंपनीने 1949 साली शफल अ‍ॅली, म्हणजे बोलिंगसारख्या खेळाचं यंत्र, बाजारात आणली आणि अमेरिकेतल्या बारमध्ये ती ठाण मांडून बसली. नाणं टाकायचं आणि कॅरमच्या स्ट्रायकरची आठवण करून देणारी, पण हाताला चांगली जड लागणारी पोलादी चकती लांब लाकडी फळीवरून सोडायची. वर टांगलेल्या पिना झटक्यात उचलल्या जातात. चकती पिनांना शिवतसुद्धा नाही. ती खालून जाते आणि फळीच्या चिरांतून डोकावणाऱ्या तारा दाबते. तारेखालचा स्विच जुळला की रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, ओढला जातो आणि पिन वर जाते. यात चिप नाही की प्रोग्रॅम नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुनी दोन पिनांची वायर असेल तर अर्थिंगची तीन पिनांची बसवा. फ्यूज नेमून दिलेल्या अँपिअरचाच हवा. फळी पुसून घ्या, पेस्ट वॅक्स लावा आणि कापडाने घासून चमकवा.

आता तारांखालच्या स्विचकडे या. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, माझंही अडलं होतं. माझ्या पहिल्या यंत्रात सात नंबरची पिन कधी उचलायची, कधी नाही. तार बोटाने दाबली की दर वेळी बिनचूक वर जायची. म्हणून स्विच ठीक आहे असं धरून मी दोन शनिवार-रविवार रिलेच खोलत बसले. दोष स्विचमध्येच होता. बोट तार पूर्ण दाबतं आणि दाबून धरतं. जोरात आलेली चकती मात्र पापणी लवायच्या आत निघून जाते. तेवढ्यात पॉइंट, म्हणजे स्विचच्या पत्त्यांवरचे एकमेकांना भिडणारे ठिपके, नीट जुळले नाहीत, तर रिलेला पत्ताच लागत नाही. तेव्हा बोटाने दाबून बघितलेल्या स्विचवर कधीही विश्वास ठेवू नका.

स्विचच्या धातूच्या पत्त्या वाकवण्याआधी त्यांना आवळून धरणारे स्क्रू घट्ट करा. मधले फायबरचे तुकडे वर्षानुवर्षं सुकून आकसतात आणि सगळी रचना सैल होते. स्क्रू आवळले की पॉइंटमधली फट आपोआप बदलते, त्यामुळे पत्ती आधी वाकवली तर ते काम पुन्हा करावं लागतं. मग पॉइंट साफ करा. जुन्या स्कूटरच्या पॉइंटवर पॉलिश पेपर मारायची सवय असेल तर ती इथे विसरा. हे पॉइंट चांदीचे असतात, झिजले की संपले. स्पिरिटमध्ये भिजवलेलं कोरं व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरा, पत्त्या हलक्या दाबा आणि कार्ड ओढून घ्या. काळी रेघ उठायची थांबेपर्यंत हे करत राहा. गंज सोडवणारा स्प्रे कुणी कितीही सुचवला तरी मारू नका. त्यावर वॅक्सची भुकटी बसते आणि चिखल होतो.

मग फट. तारेने हलणारी लांब पत्ती सोडून द्या, समोरची पत्ती तिच्या बुडाशी वाकवा. फट जाड पोस्टकार्डाएवढी ठेवा. पॉइंट भेटल्यावर समोरची पत्ती किंचित मागे सरकताना डोळ्यांना दिसली पाहिजे. नुसता स्पर्श पुरेसा नाही. उलट फट फारच कमी ठेवली, तर चकती मागच्या गादीवर आदळताच हादऱ्याने भलतीच पिन उचलते. तेही मी करून बसले आहे.

तार चिरेत अडकत असेल तर स्पिरिटने धुवा, तेल नको.

चाचणी पूर्ण लांबीवरून चकती सोडूनच घ्या. मधून, दोन्ही कडांवरून, हळू आणि अंगातलं बळ लावून. प्रत्येक रेषेवर निदान दहा वेळा. एकदा जरी पिन चुकली तरी प्लग काढा आणि त्याच स्विचकडे परत जा.