वनहक्काचा दावा फेटाळला? आधी लेखी आदेश हातात घ्या

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवण पट्ट्यात संघटनेचं काम करायला उतरलेल्याला नमुना 'अ', म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क मागायचा अर्ज, कसा भरतात हे शिकवायची गरज नाही. पैसे घेऊन दावे भरून देणाऱ्या एजंटापासून मात्र लांब राहा. गावातला निवृत्त तलाठी शहरातल्या वकिलापेक्षा जास्त शिकवतो.

घात होतो तो दावा फेटाळल्यावर. 'यादीत नाव नाही' एवढंच तोंडी सांगितलं जातं आणि माणूस घरी परततो. वनहक्क कायद्याच्या नियमांतल्या नियम १२-अ प्रमाणे नकाराचं कारण लेखी हवं आणि ते दावेदाराला प्रत्यक्ष कळवायला हवं. अपिलाला ६० दिवस, वाढीव ३० अपील ऐकणाऱ्या समितीच्या मर्जीवर. आदेशच हातात नसेल तर अपिलात आव्हान नेमकं कोणत्या कारणाला द्यायचं? म्हणून दावेदाराच्या सहीने किंवा अंगठ्याने प्रांत कार्यालयात अर्ज द्या. आदेश, स्थळपाहणीचा अहवाल आणि निर्णय कळवल्याची पोच, तिन्हींच्या प्रती मागा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. उत्तर आलं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा.

आदेश मिळाले की कारणांप्रमाणे गठ्ठे लावा. 'पुरावा अपुरा' असेल तर दावा न फेटाळता ग्रामसभेकडे परत पाठवायला हवा होता. 'उपग्रह चित्रात शेती दिसत नाही' असेल तर ते चित्र पूरक पुरावा आहे, बाकीच्या पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही. एका तालुक्यात एकाच कारणाने पडलेले दावे दाखवता आले की शिष्टमंडळाची मागणी मंत्र्याला टोलवता येत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या मोर्चात वनहक्काची अंमलबजावणी ही मुख्य मागणी होती, आणि तिच्यामागे असेच वर्षानुवर्षं अडकलेले दावे होते.

नकार हलक्यात घेऊ नका. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना जमिनीवरून हटवायला सांगितलं होतं. २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली. पण घाबरूनही जाऊ नका. दोन पुरावे पुरतात, आणि वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हेही त्यात धरतात.

दावा ग्रामसभेकडे परत आला तर दाव्यांवर ठराव करायच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य, त्यात एक तृतीयांश महिला, शिवाय निम्मे दावेदार हजर हवेत. सह्या त्याच दिवशी घ्या. अपिलात जिल्हा वनहक्क समितीनेही नाकारलं तर अनुसूचित क्षेत्रासाठी, म्हणजे राज्यघटनेखाली जाहीर झालेल्या आदिवासी भागासाठी, २०२० पासून विभागीय समितीकडे अपील करता येतं. विभागीय आयुक्तांचं कार्यालय नाशिकरोडलाच आहे.