अपरिचित कोनांच्या त्रिकोणमितीय गुणोत्तरांची अचूक किंमत काढताना या चुका टाळा

०°, ३०°, ४५°, ६०° आणि ९०° या कोनांची गुणोत्तरे बहुतेकांना तोंडपाठ असतात. परंतु १५°, १८° किंवा ११२.५° समोर आला की सूत्रे माहीत असूनही उत्तर चुकते. माझ्या मते याचे मुख्य कारण असे, की उत्तर साधारण किती आणि कोणत्या चिन्हाचे यायला हवे, याचा अंदाज आधी बांधला जात नाही. अचूक किंमत करणीच्या, म्हणजे मूळचिन्हाच्या, रूपातच लिहायची असते आणि ०.२५८८ ही साइन १५° ची केवळ जवळची किंमत आहे, हे खरे. तरीही चूक पकडण्यासाठी या दशांश रूपाइतके उपयोगी दुसरे काही नाही. मात्र कॅल्क्युलेटर रेडियनवर (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर) राहिलेला नाही, हे पाहून घ्यावे. तो रेडियनवर राहिला असल्यास साइन १५ ची किंमत ०.६५० दिसते आणि बरोबर उत्तरही चूक वाटू लागते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे कोनाची फोड करताना गुणोत्तराचीही तशीच फोड करणे. साइन ७५° = साइन ४५° + साइन ३०° असे लिहिल्यास उत्तर सुमारे १.२०७ येते, आणि साइनची किंमत १ पेक्षा जास्त असूच शकत नाही. साइन(अ + ब) = साइन अ × कॉस ब + कॉस अ × साइन ब या सूत्राने (√६ + √२)/४, म्हणजे सुमारे ०.९६६, हे योग्य उत्तर मिळते. कॉस(अ + ब) च्या सूत्रात मात्र दोन पदांमध्ये वजाचे चिन्ह असते. ते विसरल्यास कॉस ७५° म्हणून प्रत्यक्षात कॉस १५° ची किंमत हाती येते, आणि ती दिसायला निर्दोष असल्यामुळे शंकाही येत नाही. ७५° हा ९०° च्या जवळचा कोन असल्याने त्याचा कॉस लहान असला पाहिजे, एवढे लक्षात ठेवले तरी ही चूक उघडी पडते.

अर्धकोनाच्या सूत्रातील ± हे चिन्ह याहून अधिक फसवे आहे. कॉस(अ/२) = ±√((१ + कॉस अ)/२) याचा अर्थ दोन उत्तरे असा नाही; अ/२ हा कोन कोणत्या चरणात (०° ते ९०° पहिला, ९०° ते १८०° दुसरा, याप्रमाणे) आहे, ते पाहून एकच चिन्ह निवडायचे असते. ११२.५° साठी अ = २२५° घेतला की पुष्कळ जण २२५° चा तिसरा चरण पाहून साइन आणि कॉस दोन्ही ऋण लिहितात. प्रत्यक्षात ११२.५° दुसऱ्या चरणात आहे; म्हणून कॉस ११२.५° = −√(२ − √२)/२, तर साइन ११२.५° = +√(२ + √२)/२. टॅन(अ/२) साठी (१ − कॉस अ)/साइन अ हे रूप वापरल्यास चिन्ह निवडण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि टॅन २२.५° = √२ − १ हे उत्तर दोन ओळींत मिळते.

कधी कधी चूक नसतानाही ती झाल्यासारखे वाटते. साइन १५° ची किंमत वजाबाकीच्या सूत्राने (√६ − √२)/४ येते आणि अर्धकोनाने √(२ − √३)/२ येते. ही रूपे वेगळी दिसत असली तरी दोन्हींचा वर्ग (२ − √३)/४ हाच आहे आणि दोन्ही धन आहेत. त्यामुळे त्या एकाच संख्येच्या दोन मांडण्या आहेत. उत्तरसूचीशी रूप जुळत नाही म्हणून बरोबर उत्तर खोडू नये.

१८° साठी ३०° आणि ४५° ची बेरीज, वजाबाकी किंवा निम्मे करून भागत नाही. येथे क = १८° मानल्यास २क = ९०° − ३क होते, म्हणून साइन २क = कॉस ३क. कॉस क शून्य नसल्याने दोन्ही बाजूंना त्याने भागता येते (हे कारण न लिहिता भागणे हीदेखील चूकच आहे) आणि साइन क = स मानल्यास ४स² + २स − १ = ० हे वर्गसमीकरण मिळते. त्याची मुळे (−१ ± √५)/४ आहेत. ऋण मूळ निरर्थक नाही. ती साइन २३४° ची किंमत आहे, कारण तो कोनही हीच अट पूर्ण करतो. १८° पहिल्या चरणात असल्यामुळे आपले उत्तर (√५ − १)/४. ही किंमत भास्कराचार्यांनी १२ व्या शतकातच ‘ज्या’ (साइनसाठीची जुनी भारतीय संज्ञा) या रूपात दिली होती, याचे मला नेहमीच कौतुक वाटते.

१८° − १५° = ३° असल्यामुळे ३° च्या प्रत्येक पटीची किंमत वर्गमुळांच्या साहाय्याने लिहिता येते. २०° साठी मात्र तसा प्रयत्न करण्यात वेळ घालवू नये. कॉस २०° ही ८य³ − ६य − १ = ० या घनसमीकरणाचे मूळ आहे, आणि परिमेय संख्यांपासून सुरुवात करून केवळ वर्गमुळे घेत तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही, हे फ्रेंच गणितज्ञ पिएर वांत्झेल यांच्या १८३७ मधील सिद्धतेतून स्पष्ट झाले आहे; अशा वेळी कॉस २०° हेच अचूक उत्तर म्हणून ठेवावे.