हाती आलेल्या गोल्फ सेटचा शाफ्ट तुम्हाला मानवेल का? असं तपासा

नाशकात गोल्फ शिकू लागलेल्या अनेकांच्या हाती पहिला सेट येतो तो कुणाचा तरी वापरलेला. देवळालीत राहणाऱ्या निवृत्त लष्करी काकांचा, नाहीतर परदेशातून परतलेल्या मावसभावाचा. तो घेऊन थेट खेळायला जाऊ नका. अर्धा तास काढा आणि शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, नीट तपासा.

पहिलं काम, साहित्य ओळखणं. लोहचुंबक लावा. चिकटला तर स्टील, नाही तर बहुधा ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचा. बऱ्याच स्टील शाफ्टवर ग्रिपखाली, म्हणजे हातात धरायच्या मुठीखाली, बारीक पायऱ्याही दिसतात. एकेकाळी दांडे हिकरीच्या लाकडाचे असत. ब्रिटनच्या आर अँड ए या नियामक संस्थेने १९२९ मध्ये स्टीलला मान्यता दिली, आणि ग्रॅफाइट १९७० च्या दशकात आला.

ग्रॅफाइट असेल तर हेडच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकाच्या, लगेच वरचा भाग उजेडात धरून बघा. नख फिरवा. नख कुठे अडकतंय का, रंगाखालचे धागे उघडे पडलेत का? मग एका हाताने ग्रिप, दुसऱ्याने हेड धरून हलकंच पिळा. करकर ऐकू आली तर तो क्लब वापरू नका, मारताना मोडला तर हेड उडून कुणालाही लागू शकतं. स्टीलवर गंज आणि बाक शोधा.

आता वजन. सगळे आधी फ्लेक्सचं, म्हणजे लवचीकतेचं, अक्षर वाचतात, माझ्या मते आधी वजन पाहावं. आयर्नचा, म्हणजे धातूच्या पातळ, चपट्या हेडच्या क्लबचा, स्टील शाफ्ट साधारण ९० ते १३० ग्रॅमचा असतो. ग्रॅफाइट त्याहून बराच हलका, ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबमध्ये, तर ५०-६० ग्रॅमचाही मिळतो. खेळाच्या शेवटी खांदे भरून येत असतील, कोपर किंवा मनगट दुखत असेल, तर ग्रॅफाइट घ्या. तो धक्काही बराच शोषून घेतो. अंगात ताकद आहे, पण हलका क्लब हातात नुसता भिरभिरतो? मग स्टील.

त्यानंतर फ्लेक्स. शाफ्टवर एल, ए, आर, एस, एक्स यांपैकी अक्षर असतं, एल सर्वांत मऊ आणि एक्स सर्वांत कडक. ड्रायव्हरच्या स्विंगचा वेग ताशी ७५ मैलांच्या आत असेल तर एल, ७५-८५ ला ए, ८५-९५ ला आर, ९५-१०५ ला एस, त्यापुढे एक्स, असा ढोबळ हिशेब. पण या अक्षरांना कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका कडक असू शकतो. त्यामुळे अक्षर हा फक्त अंदाज धरा, आणि एस हातात असणं मोठेपणाचं समजून तो घेऊ नका.

खरी परीक्षा चेंडूची. मुंबई-पुण्याकडे जाणं झालं तर लॉन्च मॉनिटर, म्हणजे फटका मोजणारं यंत्र, असलेल्या रेंजवर (सरावाच्या मैदानावर) वेग मोजून घ्या. ते जमत नसेल तर एकाच आयर्नने, अंग मोकळं झाल्यावर, पंधरा-वीस चेंडू मारा आणि फक्त चांगले बसलेले फटके धरा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे चेंडू सारखे बुटके आणि उजवीकडे जात असतील तर शाफ्ट कडक असण्याची शक्यता आहे. फार उंच आणि डावीकडे गेले तर मऊ. कारण असं की चेंडूला लागण्याच्या क्षणी दांडा किंचित पुढे वाकलेला असतो, त्याने हेडचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा वरच्या दिशेचा कल, वाढतो. मऊ दांडा जास्त वाकतो. अर्थात ग्रिपची पकड चुकली तरीही चेंडू असाच भरकटतो, तेव्हा आधी प्रशिक्षकाला पकड दाखवा.

शेवटचं, मुलांसाठी. मोठ्यांचा क्लब कापून मुलाला द्यायची पद्धत आहे, ती सोडा. कापल्यावर दांडा आणखी कडक होतो, हेड मात्र तितकंच जड राहतं. मुलाच्या उंचीचा, हलका, मऊ शाफ्टचा एखादा सात नंबरचा आयर्न आणि एक पटर (चेंडू भोकाकडे हलकेच ढकलायचा क्लब) घेतला तरी सुरुवातीला पुरतो.