स्पॉयलर बसवताय? आधी या चुका टाळा

माझ्या जुन्या सेडानच्या डिकीवर मी एकदा विंग बसवली होती. ॲल्युमिनियमची, चार फूट रुंद, दोन्ही टोकांना काळ्या प्लेटा, एकदम कडक. पहिल्याच दिवशी सोसायटीतल्या पोरांनी तिच्यासोबत सेल्फी काढले, बाबा खाली येऊन बघून गेले आणि म्हणाले, "टॉवेल वाळत घालायला बरी आहे," आणि पुढच्या पावसाळ्यात स्टेपनीच्या खड्ड्यात चार बोटं पाणी साचलेलं सापडलं. मधल्या काळात जे काही झालं ते सगळं यात येईलच.

लोक विचारतात की स्पॉयलरने खरंच परफॉर्मन्स वाढतो का, की नुसती शायनिंग? वाढतो ना. पण कुठल्या गाडीचा, किती स्पीडला आणि कुठल्या हवेत, हे न विचारता "हो का नाही" एवढंच विचारलं तर उत्तर काय देणार.

स्पॉयलर आणि विंगला एकच समजणं

ही सगळ्यात कॉमन चूक, दुकानदारसुद्धा करतात. स्पॉयलर म्हणजे बॉडीला चिकटलेली पट्टी किंवा ओठ, त्याच्या खालून हवा जात नाही. कार वरून गोल आणि खालून सपाट असते, त्यामुळे वरून जाणारी हवा जोरात पळते, तिथला दाब कमी होतो आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, यालाच लिफ्ट म्हणतात. स्पॉयलर हा हवेचा प्रवाह मुद्दाम बिघडवतो, म्हणून तर त्याचं नाव तसं, आणि त्याने लिफ्ट कमी होते. विंगचं वेगळं. ती खांबांवर उभी असते, हवा वरूनही जाते आणि खालूनही, आणि ती विमानाच्या पंखाला उलटं केल्यासारखी असते म्हणून गाडी खाली दाबते, या दाबालाच डाउनफोर्स म्हणतात. थोडक्यात, साधा स्पॉयलर उचलणं कमी करतो आणि विंग वरून दाबते. तीन इंची पट्टी चिकटवून डाउनफोर्स मिळाला म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

पट्टी म्हणजे फालतू असंही नाही हां. १९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ बघा, मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा छोटासा उंचवटा, बस. ९११ ची पाठ उतरती आणि इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यात जास्त स्पीडला मागून लिफ्ट, म्हणजे वळणात गाडी हलकी होऊन मागचा भाग सटकायची भीती. त्या शेपटीने मागची लिफ्ट बऱ्यापैकी खाली आली.

आणि उलटं उदाहरण हवं असेल तर ऑडी टीटी. १९९८ ला आली तेव्हा मागे काहीच नव्हतं, नुसता गोल गुळगुळीत आकार, सगळे फिदा. मग जर्मनीच्या ऑटोबान हायवेवर जोरात लेन बदलताना किंवा वळताना अपघात व्हायला लागले, माणसंही गेली, आणि कंपनीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर लावला, सस्पेन्शन बदललं, ईएसपी (गाडी सटकायला लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी सिस्टीम) दिलं. सगळं श्रेय एकट्या स्पॉयलरला देता येणार नाही, पण डिझाइनवाल्यांनी जीव लावून बनवलेल्या त्या पाठीवर नंतर पट्टी चिकटवायची वेळ आली म्हणजे समजून घ्या.

सिटी स्पीडला फरक शोधणं

हवेचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो. स्पीड दुप्पट तर जोर चौपट, आणि स्पीड अर्धा केला तर जोर पावपट. हे एवढं डोक्यात बसलं ना, की अर्ध्या शंका मिटतात.

पोर्शे ९११ जीटी३ आरएस घ्या, २०२२ ला आलेली. कंपनीचा आकडा आहे की २०० च्या स्पीडला पूर्ण गाडीवर ४०९ किलोचा डाउनफोर्स आणि २८५ ला ८६०. भन्नाट! पण आता हाच हिशोब खाली आणा, ८० च्या स्पीडला साधारण ६५ किलो उरतात, म्हणजे डिकीत सिमेंटची एक गोणी टाकल्यापेक्षा थोडा जास्त दाब, आणि ४० ला सोळा-सतरा किलो. जगातल्या सगळ्यात डोकं लावून बनवलेल्या रोड कारपैकी एकीची ही गत, आणि आपण सिंहगड रोडच्या सिग्नलपासून सिग्नलपर्यंत "गाडी चिकटून चालते रे" म्हणतो.

गोणीवरून आठवलं, कोणी म्हणेल मग गोणीच टाकू की डिकीत. नाही चालणार. गोणीने टायर दाबला जातो खरा, पण वळणात ती गोणीही बाहेर फेकली जाते, तिला पण त्याच टायरने धरून ठेवायचं असतं, ब्रेकला तिलाही थांबवायचं असतं. हवेच्या दाबाला वजन नसतं, टायरची पकड फुकटात वाढते. रेसवाले या फुकटच्या पकडीसाठीच वेडे आहेत.

माझ्या विंगचा हिशोब मी नंतर कागदावर मांडला (आधी मांडायला हवा होता, माहितीये). चार फूट बाय आठ इंच, हवा एकदम स्वच्छ मिळाली असं धरलं तरी एक्सप्रेसवेच्या १०० च्या लिमिटला दाब जेमतेम अकरा किलो. आणि विंगचं स्वतःचं वजन, काढल्यावर घरच्या काट्यावर टाकून बघितलं, साडेपाच किलो. म्हणजे सत्तरच्या खाली माझी विंग स्वतःच्या वजनाएवढाही दाब देत नव्हती. आणि मी पुण्यात राहतो, सत्तरच्या वर जातोय कोण!

घाण हवेत विंग लावणं

यावर थोडा वेळ घालवतो कारण स्वतः करून बघितलंय.

आईच्या विणकामाच्या पिशवीतून लाल लोकर घेतली, बोटाएवढे तुकडे कापले आणि मास्किंग टेपने छतापासून मागच्या काचेवर आणि डिकीवर ओळीने चिकटवले, साधारण एकेक वीत अंतर ठेवून. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर मित्र शेजारच्या लेनमधून त्याची गाडी चालवत होता आणि त्याची बहीण व्हिडिओ काढत होती. ८० च्या स्पीडला छतावरचे सगळे तुकडे शाळेतल्या प्रार्थनेसारखे सरळ रांगेत झोपलेले. काचेच्या वरच्या भागात थोडी थरथर. आणि काचेच्या खालच्या अर्ध्यात, डिकीवर? तिथे लोकर गरागरा फिरत होती, काही तुकडे तर चक्क उलटे पुढच्या बाजूला वळलेले. म्हणजे तिथे हवा काचेला सोडून गेली होती आणि मागे नुसते भोवरे. आणि माझी विंग बरोब्बर त्या भोवऱ्यांत उभी, छतापेक्षा चांगली वीतभर खाली. तो अकरा किलोचा हिशोब स्वच्छ हवेचा होता, इथे त्यातलं किती मिळत असेल तुम्हीच बघा.

त्या जीटी३ आरएसच्या विंगची वरची कड छताच्याही वर काढलीये, पोर्शेच्या रोड कारमध्ये पहिल्यांदाच, ती काय हौस म्हणून नाही. आणि विंगचे खांब वरून हंसाच्या मानेसारखे वळून पकडतात, कारण खरं काम विंगच्या खालच्या बाजूला होतं आणि तिथे खांब आले की हवा बिघडते. लोकल मार्केटमधल्या स्वस्त विंगांचे खांब नेमके खालूनच असतात, असो.

लोकरीची ही टेस्ट विंग घ्यायच्या आधी करा. खर्च शून्य. फक्त गाडी चालवणाऱ्याने व्हिडिओ काढू नये, एवढं कळतं ना.

फक्त मागेच दाब देणं

विंग मागच्या चाकांच्याही मागे लटकते, त्यामुळे ती मागे दाबते तेव्हा पुढचा भाग थोडा उचलला जातो. बैलगाडीत मागे जास्त पोती टाकली की गाडी उलाळ होते, तेच. आणि आपल्या बहुतेक गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे ओढायचं काम पुढच्या चाकांचं, वळवायचंही त्यांचंच, आणि आपण त्यांनाच हलकं करतोय. जास्त स्पीडला स्टिअरिंग पोकळ वाटायला लागलं आणि गाडी वळणात सरळच जायला बघायला लागली तर समजा बॅलन्स गेला. मग मागची विंग कमी करा किंवा पुढे स्प्लिटर (बंपरखालची आडवी पट्टी) द्या.

"मग सिव्हिक टाइप आरला एवढी मोठी विंग का, तीपण फ्रंट व्हील ड्राइव्हच?" हा प्रश्न येणारच. कारण होंडाने पुढचं, खालचं आणि मागचं सगळं एकत्र बसवलंय, आणि ती गाडी ट्रॅकवर २०० च्या वर असताना मागून सैल पडू नये हा तिथे मुद्दा आहे. नुसती तिची विंग आणून आपल्या गाडीवर टाकली तर टाइप आर होत नाही.

मोठी विंग म्हणजे फास्ट गाडी

सरळ रस्त्यावर उलट होतं. परत पोर्शेच, कारण तुलना सोपी पडते. २०२१ ला आलेली साधी जीटी३ ५१० पीएसची (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), टॉप स्पीड ३१८. जीटी३ आरएस ५२५ पीएसची, म्हणजे ताकद जास्त, तरी टॉप स्पीड २९६. बावीसचा फरक, मुख्यतः हवेने खाल्लेला. बदल्यात वळणात ती जास्त स्पीड ठेवते म्हणून लॅप लवकर मारते. बुगाटी वेरॉनमध्ये तर ४०७ गाठायचं असेल तर वेगळी चावी फिरवावी लागायची, मग गाडी खाली बसायची आणि मागची विंग आत जायची. ती बाहेर असताना ३७५ वर लिमिट. म्हणजे "स्पॉयलर लावल्यावर टॉप एंड वाढला" असं कोणी सांगितलं तर हसा आणि सोडून द्या. बारीक स्पॉयलरने ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, थोडा कमी होऊ शकतो, पण त्यासाठी तो त्या गाडीसाठी विंड टनेलमध्ये (हवा सोडून टेस्ट करायच्या बोगद्यात) घासूनपुसून बनवलेला असावा लागतो.

कोनाचंही तसंच. जास्त तिरकी केली की जास्त दाब, हे एका मर्यादेपर्यंतच. साधी एका पात्याची विंग साधारण पंधरा अंशांच्या पुढे गेली की खालची हवा सुटते, दाब पडतो आणि ड्रॅग मात्र वाढतो. छतावरून हवा उतरत येते हे पण लक्षात ठेवा, त्यामुळे डोळ्यांना सपाट दिसणारी विंगसुद्धा हवेच्या हिशोबाने आधीच तिरकी असते. सपाटपासून सुरू करा, एकेक अंशाने वाढवा, आणि ट्रॅकवर वेळ लावून बघा. "फील" वर जाऊ नका, पैसे खर्च केल्यावर सगळ्यांनाच फील येतो.

फिटिंगच्या चुका

फॉर्म्युला वनची १९६९ ची स्पॅनिश ग्रां प्री, बार्सिलोनाचा मॉन्टजुइक ट्रॅक. लोटस टीमचे ड्रायव्हर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट, दोघांच्याही उंच विंगा एकाच रेसमध्ये मोडल्या आणि दोघंही आदळले, रिंट जखमी झाला. पुढच्याच मोनॅकोच्या रेसला उंच विंगांवर बंदी आली. फॉर्म्युला वनच्या इंजिनिअर लोकांचं असं होऊ शकतं तर पातळ पत्र्याच्या डिकीवर चार स्क्रू मारणाऱ्याचं काय?

माझ्याकडे ज्याने काम केलं त्याने (नाव घेत नाही) ड्रिल मारून वायसर न टाकता नट आवळले, खाली मजबुतीची प्लेट नाही, भोकांना सिलिकॉन नाही. तेच ते चार बोटं पाणी. भोकाच्या कडेला रंग न लावल्याने गंजही धरला. तर आता लक्षणं आणि उपाय, माझ्या अनुभवावरून:

डिकी उघडल्यावर वर राहत नसेल, डोक्यावर येत असेल, तर विंगचं वजन डिकीच्या स्प्रिंगला किंवा गॅस शॉकरला झेपत नाहीये. जड विंग काढा किंवा जास्त ताकदीचे शॉकर टाका, काठी लावून काम चालवू नका (मी चालवलं, टेंगूळ आलं).

ऐंशीच्या पुढे शिट्टी वाजते? कुठेतरी फट आहे, बहुतेक टोकाच्या प्लेटपाशी नाहीतर टेपची कड उचललीये. आधी मास्किंग टेपने एकेक फट बंद करत जा, आवाज कुठे थांबतो ते कळतं.

डबल टेपचा स्पॉयलर सुटतोय तर बहुतेक वेळा टेपची चूक नसते, खाली पॉलिशचं मेण राहिलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोरडं करा, जोर देऊन दाबा, आणि दोन-तीन दिवस गाडी धुऊ नका. भर पावसात हे काम काढूच नका.

मधला वरचा ब्रेक लाइट झाकला जातोय का ते मागे दहा पावलांवर उभं राहून बघा, रात्री. आरशातून मागचा दुचाकीवाला दिसतोय का तेही. माझ्या विंगची आडवी पट्टी बरोब्बर हेल्मेटच्या उंचीला यायची.

आपोआप वर येणारा स्पॉयलर असेल, पोर्शे ९११ च्या ९६४ नावाच्या पिढीला तो ८० च्या आसपास वर यायचा तसा, तर त्याच्या खाचेत पानं आणि चिखल साचू देऊ नका. वॉर्निंग लागली आणि तो वर येत नसेल तर दुरुस्त होईपर्यंत स्पीड कमी ठेवा, हाताने ओढायला जाऊ नका, आतली मोटर स्वस्त नसते.

माझी विंग आता गॅलरीत आहे. बाबांनी तिला खरंच दोरी बांधलीये.