केमिकलची एक्सपोजर लिमिट ठरते कशी: या लाइनीत नव्यानं येणाऱ्यांसाठी, सोलापुरातून

केमिस्ट्रीत एमएससी झालेली किंवा सेफ्टीचा डिप्लोमा करणारी बरीच पोरं-पोरी विचारतात की इंडस्ट्रियल हायजीनमध्ये, म्हणजे कामाच्या जागेवरची हवा-केमिकल मोजून कामगाराला वाचवायच्या कामात, नेमकं काय असतं, आणि ते 25 पीपीएम, 0.5 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) असले आकडे ठरवतं कोण. मी सोलापुरातच शिकले, इथल्याच डाईंग, टॉवेल आणि बल्क ड्रगच्या कारखान्यांतून हवेचे सॅम्पल घेत फिरते, त्यामुळे जेवढं कामातून कळलंय तेवढं सांगते. व्याख्या कोर्सच्या पुस्तकात मिळतीलच, मी आकड्यामागचं सांगते कारण नवीन माणूस तिथंच अडकतो.

आधी पटकन बेसिक. लिमिट तीन प्रकारच्या. टीडब्ल्यूए म्हणजे 8 तासांच्या शिफ्टची सरासरी, स्टेल म्हणजे 15 मिनिटांची सरासरी, आणि सीलिंग म्हणजे एका क्षणासाठीसुद्धा ओलांडायची नाही ती. सरासरीवर एकटं विसंबू नका. कोल्ड स्टोअरेजमधला अमोनिया घ्या, टीडब्ल्यूए 25 पीपीएम, स्टेल 35. ऑपरेटर 2 तास कॉम्प्रेसरजवळ 40 पीपीएममध्ये होता आणि बाकीचे 6 तास 10 मध्ये, तर सरासरी येते 17.5, कागदावर सगळं ओके. पण त्या 2 तासांत स्टेल सरळ ओलांडली गेलीय, डोळे चुरचुरले, घसा धरला, ते सरासरीत कुठंच दिसत नाही. आपल्याकडं महिन्याच्या पावसाची सरासरी बघून कोणत्या रात्री ओढ्याला पूर आला ते कळत नाही, तसंच आहे हे.

आता आकडे कुठून येतात. आपल्याकडं फॅक्टरी ॲक्ट 1948 च्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये केमिकलची यादी आणि लिमिट दिल्या होत्या, कलम 41एफ. हे कलम मूळ कायद्यात नव्हतं, 1984 ला भोपाळ झालं आणि मग 1987 च्या दुरुस्तीत धोकादायक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण आलं त्यात हे आलं. आता त्या कायद्याच्या जागी 2020 चा ओएसएच कोड (कामाच्या जागेवरची सुरक्षा आणि आरोग्य यांचा नवा कायदा) नोव्हेंबर 2025 पासून लागू झालाय, त्यामुळं काम करताना चालू नियम कोणता ते आधी तपासायची सवय लावून घ्या. दुसरीकडं अमेरिकेतली एसीजीआयएच ही तज्ज्ञांची संस्था दरवर्षी टीएलव्ही, म्हणजे तिच्या स्वतःच्या लिमिटची यादी, काढते, ती कायदा नाही, शिफारस आहे, पण नवीन अभ्यास आला की आकडा बदलतात. म्हणून दोन्हींत लई फरक पडतो. हायड्रोजन सल्फाइड आपल्या त्या शेड्यूलमध्ये 10 पीपीएम होता, एसीजीआयएचनं 2010 मध्ये 1 वर आणला. टोल्युइन आपल्याकडं 100, त्यांच्याकडं 20. मॅनेजर हमखास विचारतो की मॅडम नेमका कुठला धरायचा. माझं उत्तर ठरलेलं आहे, कायद्याचा आकडा ओलांडला तर गुन्हा, पण माणसाचं फुफ्फुस शेड्यूल वाचत नाही, त्यामुळं रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिणार आणि कंट्रोल कमी आकड्याला धरूनच सुचवणार.

आकडा काळाप्रमाणं किती खाली येतो ते बघायचं तर बेंझीनचा इतिहास वाचा. 1946 मध्ये 100 पीपीएम चालायचं, 1977 ला 10 झालं, 1997 ला 0.5, आणि 2024 मध्ये एसीजीआयएचनं 0.02 केलं. बेंझीन तेच, माणूस तोच. सुरुवातीला रक्तातल्या पेशी कमी होणं एवढंच बघत होते, मग ल्युकेमियाचे (रक्ताच्या कॅन्सरचे) अभ्यास आले, मोजायची साधनं बारीक झाली, आणि आधीच्या आकड्याखाली काम केलेल्यांनाही त्रास होतो हे समोर आलं. म्हणजे 1946 ला जो कामगार 80 मध्ये उभा होता त्याला कुणीतरी "लिमिटच्या आत आहे" असंच सांगितलं असणार. हे मला कायम लक्षात ठेवावंसं वाटतं, विशेषतः रिपोर्टवर सही करताना.

ठरवायची पद्धत म्हणाल तर गणित सोपं आहे, वाद सगळा त्यातल्या गृहीतकांवर असतो. समजा एखाद्या पावडरचा उंदरांवर अभ्यास झालाय आणि ज्या डोसला काहीच वाईट परिणाम दिसला नाही तो डोस निघाला वजनाच्या किलोमागं रोज 10 मिलिग्रॅम. 60 किलोचा कामगार धरला तर 600 मिलिग्रॅम. आता उंदीर म्हणजे माणूस नाही म्हणून 10 नं भागायचं, सगळी माणसं सारखी नसतात म्हणून समजा 5 नं, आणि अभ्यास 90 दिवसांचाच आहे पण कामगार वर्षानुवर्षं काम करणार म्हणून 3 नं, एकूण 150. 600 भागिले 150 म्हणजे 4 मिलिग्रॅम. शिफ्टमध्ये माणूस साधारण 10 घनमीटर हवा आत घेतो असं धरतात, म्हणून 4 भागिले 10, लिमिट आली 0.4 मिलिग्रॅम प्रति घनमीटर. हे उदाहरण माझं आहे, खऱ्या पावडरचं नाही. पण बघा, त्या 5 च्या जागी कुणी 10 धरलं तर आकडा अर्धा झाला. म्हणून लिमिटच्या मागची टिपणं वाचायला शिका, कुठला अभ्यास घेतला, कुठला आजार टाळायला घेतला, भागाकार कशानं केला. एसीजीआयएच स्वतःच सांगते की हा आकडा म्हणजे सुरक्षित आणि घातक यांच्यातली बारीक रेघ समजू नका.

आता सोलापूरची गोष्ट, कारण वरची सगळी गृहीतकं इथं तपासावी लागतात. लिमिट बनते 8 तास काम आणि 16 तास आराम असं धरून. पॉवरलूमवर 12 तासांची पाळी ही इथं नवलाची गोष्ट नाही. म्हणजे 4 तास जास्त शरीरात जाणार आणि बाहेर पडायला 4 तास कमी मिळणार. यासाठी ब्रीफ आणि स्काला यांचं सूत्र वापरतात, 8 भागिले शिफ्टचे तास, गुणिले, 24 वजा शिफ्टचे तास भागिले 16. 12 तास टाकून बघा, 0.5 येतं. म्हणजे लिमिट सरळ अर्धी. इंटरव्ह्यूत हा प्रश्न येतो, आणि कामावर तर रोजच येतो, तरी कितीतरी रिपोर्टमध्ये 12 तासांच्या माणसाला 8 तासांचीच लिमिट लावलेली दिसते. (इथल्या घाम गाळणाऱ्या उन्हाळ्याचंही बघा. 42-43 डिग्रीत शेडमध्ये जड काम करणारा माणूस 10 घनमीटरपेक्षा जास्त हवा ओढतो, आणि घामानं ओली झालेली कातडी बऱ्याच केमिकलला आत जायला वाट करून देते. यादीत ज्याच्यापुढं स्किनची (कातडीतून आत जातं याची) खूण असते त्याचं हवेतलं मोजमाप कमी आलं म्हणून खूश होऊ नका, हातावरून काय गेलं ते हवेचं सॅम्पल ओढणाऱ्या पंपाला कळत नाही.)

कापसाच्या धुळीचंही असंच. अमेरिकेच्या ओशानं (तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्यानं) 1978 मध्ये सूत बनवण्यासाठी घनमीटरला 200 मायक्रोग्रॅम ठरवलं आणि सायझिंग-विणाईसाठी 750. एकच कापूस, दोन आकडे, कारण ब्लोरूम-कार्डिंगच्या, म्हणजे कापूस मोकळा करून पिंजायच्या, धुळीत झाडाचा कचरा आणि बॅक्टेरियाचं विष जास्त असतं, विणाईपर्यंत ते बरंच निघून जातं. बिसिनोसिसची, म्हणजे या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराची, खूण म्हणजे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि दोन-तीन दिवसांत हलकं वाटतं. जुन्या गिरणीत काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, ते रोगाचं नाव घेणार नाहीत पण हे वर्णन बरोबर करतील.

आणि आता ती जागा जी मला सगळ्यात जास्त सतावते, डाईंगची कलर रूम. तिथं रिॲक्टिव्ह डाय वजन करतात. मी बघत होते तेव्हा एक अण्णा ड्रमच्या तळाला राहिलेली काळ्या रंगाची पावडर स्कूपनं काढत होते, ड्रम कमरेएवढा, पावडर तळाला, म्हणजे डोकं पार आत, आणि स्कूप काट्यावर उपडा केला की एक बारीक ढग उठून चेहऱ्यापर्यंत येत होता. तोंडाला रुमाल. कॉलरला लावलेल्या पंपाचा फिल्टर पाळी संपल्यावर उघडला तर मध्ये गडद निळसर काळा ठिपका. आता याला लिमिट किती? बहुतेक रिॲक्टिव्ह डायना स्वतःची लिमिटच नाही. नुसत्या धुळीची जनरल लिमिट लावली तर आकडा पास होतो, आणि ते चूक आहे, कारण यातले काही रंग दम्याची ॲलर्जी लावतात. एकदा शरीर सेन्सिटाइज झालं की मग अगदी कणभर पुरतं, तिथं कुठलीच लिमिट त्या माणसाला वाचवत नाही. म्हणून अशा ठिकाणी आकड्याची वाट बघत बसायचं नाही, कंट्रोल बँडिंग वापरायचं, म्हणजे एसडीएसवरचा (केमिकलसोबत येणाऱ्या सेफ्टी डेटा शीटवरचा) धोका, किती वापरतात आणि किती उडतं यावरून बँड काढून थेट उपाय ठरवायचा. ब्रिटनच्या एचएसईचं (तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं) कॉश इसेन्शियल्स त्यासाठी फुकट बघायला मिळतं. त्या ठिकाणी सुचवलं ते एवढंच, ड्रम आडवा कलता करणारं स्टँड, काट्याच्या मागं ओढणारा एक्झॉस्ट, आणि धूळ कमी उडणारा ग्रॅन्युल किंवा लिक्विड रंग मिळतो का बघणं. मास्क शेवटी, आणि द्यायचा तर चेहऱ्याला बसतो का तपासून, रुमालाला मास्क म्हणायचं नाही.

सल्फर ब्लॅक हा काळा रंग चालत असेल तिथं आणखी एक. सोडियम सल्फाइडचं पाणी आणि ॲसिडचं पाणी एका गटारात किंवा ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) टाकीत एकत्र आलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो, पण 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस टाकीत उतरतो. 100 हीच त्याची आयडीएलएच, म्हणजे जिवाला तातडीचा धोका. शिफ्टची लिमिट आणि आयडीएलएच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या कधी एकमेकांत मिसळू नका, आणि टाकीत उतरण्याआधी मीटर लावल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नका, तुम्ही कितीही ज्युनिअर असलात तरी.

बिडीचं बोलल्याशिवाय सोलापूरचं बोलणं होत नाही. घरी बसून बिड्या वळणाऱ्या आयाबायांच्या अंगावर तंबाखूची धूळ असते, निकोटीनची टीएलव्ही 0.5 मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहेही, पण तिथं शिफ्ट कुठली, त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत लेकरं झोपतात. लिमिट बनवताना धडधाकट कामगार धरलेला असतो, लहान मूल धरलेलंच नसतं. या लाइनीत कुणाला रिसर्च करायचा असेल तर हा विषय घ्या, मनापासून सांगते.

सॅम्पलिंगचं थोडक्यात. पंप कॅलिब्रेट करायचा तो पाळीच्या आधी आणि नंतरही, फरक 5 टक्क्यांच्या वर गेला तर सॅम्पल बाद. फिल्टर नाकातोंडापासून फूटभराच्या आत. मध्ये मध्ये जाऊन बघा, उकडतंय म्हणून पंप काढून खिळ्याला अडकवला तर तुम्ही भिंतीचं एक्सपोजर मोजताय. पीपीएमचं मिलिग्रॅम करायला रेणुभारानं गुणून 24.45 नं भागतात, तो 24.45 हा 25 डिग्रीचा आहे हे विसरू नका. एका सॅम्पलवर निकाल देऊ नका, युरोपच्या ईएन 689 या सॅम्पलिंगच्या स्टँडर्डमध्ये तर तीनच सॅम्पल असतील तर तिन्ही लिमिटच्या दहाव्या भागाखाली असावे लागतात तेव्हा ठीक म्हणतात. आणि दोन सॉल्व्हंट एकाच अवयवाला मारत असतील तर दोन्हींचे अंश बेरजेत धरायचे, टोल्युइन लिमिटच्या 0.6 आणि झायलीन 0.6 म्हणजे एकूण 1.2, दोघं सुटे सुटे पास असले तरी नापास.

रिझल्ट आला की मॅनेजरला मेल करून विषय संपवू नका. ज्याच्या कॉलरला पंप लावला होता त्याला जाऊन सांगा. इथं निम्म्या ठिकाणी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी माणसं असतात, कामापुरतं तेलुगू शिकलात तर लोक खोकल्याचं, रात्रीच्या दम्याचं खरं सांगतात, नाहीतर "काही नाही मॅडम, सवय आहे" एवढंच.

शिक्षणाचं म्हणाल तर बीएस्सी-एमएससी केमिस्ट्री किंवा इंजिनिअरिंग, त्यावर ॲडिस (इंडस्ट्रियल सेफ्टीचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा), अनुभवाची अट आधी वाचून घ्या. मुंबईत सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, तिथले छोटे ट्रेनिंगही कामाचे असतात, डॉक्टर असाल तर एएफआयएच हा कामगार आरोग्याचा कोर्स. अहमदाबादचं एनआयओएच (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ऑक्युपेशनल हेल्थ) रिसर्चसाठी. अमेरिकेच्या एनआयओएसएच या सरकारी रिसर्च संस्थेचं केमिकलचं पॉकेट गाइड फुकट आहे, मोबाइलमध्ये ठेवा. नोकरी शोधताना माझं मत असं की पहिली एक-दोन वर्षं सॅम्पलिंग करणाऱ्या लॅबमध्ये काढा, पगार कमी असतो पण डाईंग, फाउंड्री, साखर कारखाना, फार्मा सगळं बघायला मिळतं, फार्माच्या बँडवाल्या कामाकडं नंतर जा. तिथं नवीन औषधाला लिमिट कुणीच दिलेली नसते, कंपनीच्या टॉक्सिकॉलॉजिस्टसोबत बसून वरचं गणित खरंखुरं करावं लागतं, आणि आकडा घनमीटरला 1 मायक्रोग्रॅमच्याही खाली गेला की बंद आयसोलेटरशिवाय (हातमोजे लावलेल्या बंद पेटीशिवाय) पावडर उघडायचीच नाही.